जप्त केलेल्या लॅपटॉपात वकिलाशी झालेला पत्रव्यवहार असेल तर?

चिंचेचं_झाड

नमस्कार मंडळी. कायद्यातल्या जाणकारांना विचारायचं आहे.

माझ्या मेव्हण्यांचं पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या भागीदाराशी हिशेबावरून वाजलं, नोटिसा झाल्या आणि शेवटी त्याने फसवणुकीची फिर्याद दिली. मागच्या आठवड्यात पोलीस आले. झडती घेतली, पंचनामा केला, आणि हिशेबाचा लॅपटॉप, मेव्हण्यांचा मोबाइल आणि कपाटातल्या फायली उचलून नेल्या. वागणूक व्यवस्थित होती, त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. त्या फायलींत एक जाड पिवळी फाइल आहे, वर स्केचपेनने 'वकील' लिहिलेलं. नोटिशीच्या उत्तराचे मसुदे, त्यावर वकीलसाहेबांच्या हातच्या टिपा ("हा मुद्दा कच्चा आहे, इथे जास्त बोलू नका" वगैरे) आणि आपली बाजू कुठे भक्कम, कुठे लंगडी याचं त्यांनी दिलेलं लेखी मत, सगळं तिच्यात आहे. लॅपटॉपात ईमेल आहेत, मोबाइलवर व्हॉट्सॲप.

हे पोलीस वाचू शकतात का? हरकत घ्यायची तर कुठे आणि कशी? आमचे वकील चांगले आहेत, पण ते दिवाणीवाले. "बघू, चार्जशीट तर येऊ द्या" म्हणतात.

तिरशिंगराव

लपवण्यासारखं काही नसेल तर वाचू देत की. भीती कशाची?

काळा_डगला

चार्जशीटपर्यंत थांबू नका. तोवर ती फाइल कितीजणांच्या हातातून गेली असेल याचा नेम नाही. वरातीमागून घोडं नाचवून उपयोग नसतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

आधी पाया. वकील आणि अशील यांच्यातल्या गोपनीय बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे. पूर्वी ते १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ ते १२९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात कलम १३२ ते १३४. कलम १३२ वकिलाला बांधतं: अशिलाच्या संमतीशिवाय त्याने सांगितलेलं किंवा त्याला दिलेला सल्ला वकिलाने उघड करायचा नाही. वकिलाचा कारकून, दुभाषा, ऑफिसातली माणसंही त्यातच आली. कलम १३४ अशिलाचं: आपल्या कायदेशीर सल्लागाराशी झालेलं गोपनीय बोलणं न्यायालयाला सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. तो स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहिला तर गोष्ट वेगळी.

म्हणजे हा हक्क अशिलाचा आहे. वकील नुसता राखणदार. "आमचे वकील बघतील" म्हणून मेव्हण्यांनी स्वस्थ बसू नये ते यासाठी.

आता दुसरी बाजू. फाइलवर 'वकील' लिहिलं म्हणून आतला प्रत्येक कागद पवित्र होत नाही. मूळ बिलं, चलनं, बँकेचे उतारे, भागीदारीचा करारनामा हे कागद वकिलाच्या कपाटात ठेवले तरी ते पुरावाच. संरक्षण आहे ते सल्ला मागण्याला आणि सल्ला देण्याला. मुंबई हायकोर्टाने १८७८ सालीच म्हटलं आहे की बोलणं खासगी, गोपनीय स्वरूपाचं असलं पाहिजे, नुसतं वकिलाशी झालं एवढ्याने भागत नाही.

आणि अपवाद आहेतच. बेकायदा काम पुढे रेटण्यासाठी वकिलाशी झालेलं बोलणं संरक्षित नाही. नेमणूक झाल्यानंतर गुन्हा किंवा लबाडी घडल्याचं वकिलाने पाहिलं, तर ती वस्तुस्थितीही नाही.

अनुराधा_सांगली

@तिरशिंगराव, कायद्याच्या कलमाखालीच तुमच्यासाठी उदाहरण छापलंय. अशील वकिलाला म्हणतो, "मी खोटा दस्त केलाय, माझा बचाव करा." हे बोलणं संरक्षित. तोच म्हणाला, "या खोट्या दस्ताच्या जोरावर मला जागेचा ताबा मिळवून द्या, दावा लावा," तर संरक्षण नाही. गुन्हा करून बसलेल्या माणसालाही खरं सांगता येईल अशी एक जागा हवी, एवढाच त्याचा अर्थ. वकिलाला निम्मं सांगितलं तर वकील निम्माच बचाव करणार.

तिरशिंगराव

उदाहरण वाचलं. पटलं नाही, पण वाचलं.

निवृत्त_फौजदार

आमच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं म्हणून लिहितो. आयुष्यभर पंचनामे लिहिले.

झडतीला गेल्यावर काय होतं ते सांगतो. दोन पंच अर्धा दिवस खोळंबलेले असतात, त्यांना घरी जायचं असतं. कपाट उघडलं की फायलींचा ढीग. जागेवर बसून कागद न् कागद वाचणं अशक्य. मग गठ्ठा बांधायचा, सुतळी, कागदी वेष्टन, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवायची, आणि पंचनाम्यात लिहायचं 'विविध कागदपत्रे असलेल्या फायली एकूण इतक्या'. ती पिवळी फाइल अशी 'विविध' मध्ये गेली असणार. ठाण्यात आल्यावर मुद्देमाल कारकुनाकडे नोंद, आणि तपासी अंमलदार सवडीने सील उघडून वाचायला घेतो. त्यात त्याचा दुष्टावा नसतो. वाचणं हेच त्याचं काम.

वकिलाच्या पत्रव्यवहाराचं वेगळं काही करायचं असतं हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही. एकदा एका सराफाच्या दुकानात त्यांच्या वकिलांनी जागेवरच सांगितलं, "साहेब, ही फाइल आमच्या सल्ल्याची आहे, न्यायची तर वेगळ्या पाकिटात सील करून न्या आणि तसं पंचनाम्यात लिहा." मी तसंच केलं. माझं काही बिघडलं नाही. उलट पुढे कोर्टात 'तुम्ही आमचा बचाव आधीच वाचलात' अशी बोंब झाली नाही.

पण आमची अडचणही समजून घ्या. ही सवलत दिली की आरोपी अख्खं कपाट 'वकिलाचं' म्हणतो.

आता झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १०५. मेव्हण्यांनी त्या वेळी तोंडी काही म्हटलं असेल तर ते चित्रणात असेल. विचारा त्यांना.

चिंचेचं_झाड

फौजदारसाहेब, विचारलं. ते म्हणाले, "मी म्हटलं होतं, ती वकिलांची फाइल आहे. साहेब म्हणाले, नंतर बघू." म्हणजे सगळेच नंतर बघणार आहेत.

काळा_डगला

हे सोन्यासारखं आहे. हरकत पहिल्याच क्षणी घेतली होती, हे अर्जात पहिल्या परिच्छेदात घाला.

आता ताजा निकाल. जून २०२५ मध्ये ईडीने अरविंद दातार आणि प्रताप वेणुगोपाल या दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स काढली. दातारांचा प्रश्न एका कंपनीतल्या शेअर योजनेवर दिलेल्या कायदेशीर मताचा होता. वकीलवर्गात गदारोळ झाला, ईडीने समन्स मागे घेतली आणि यापुढे संचालकांच्या परवानगीशिवाय वकिलाला असं समन्स नाही, असं परिपत्रक काढलं. त्याच सुमारास गुजरातमध्ये जामिनाचं काम पाहणाऱ्या एका वकिलाला पोलिसांनी नोटीस दिल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. त्यावरून न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश गवई, न्या. विनोद चंद्रन आणि न्या. अंजारिया यांच्या पीठाने निकाल दिला.

समन्सबद्दलचा भाग वर्तमानपत्रांत आला: अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढायला वकिलाला बोलवायचं नाही. कलम १३२ चा अपवाद लागू होतो असं वाटत असेल तर कोणत्या वस्तुस्थितीवरून, ते समन्समध्ये स्पष्ट लिहायचं, आणि अधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्याची लेखी संमती घ्यायची. आपल्या कामाचा भाग पुढे आहे, त्याची बातमी फारशी झाली नाही.

न्यायालय म्हणतं की वकिलाकडे किंवा अशिलाकडे असलेले कागद हजर करण्याला कलम १३२ आड येत नाही. हे वाचून बरेच जण निराश होतात, पण पुढचं वाक्य वाचा. ते कागद न्यायालयापुढे हजर करायचे, आणि हरकत असेल तर वकील व पक्षकार दोघांना ऐकून न्यायालयाने ठरवायचं. साक्ष अधिनियमाचं कलम १६५ तेच सांगतं: कागद आणा, हरकत योग्य की अयोग्य ते आम्ही बघतो.

वकिलाच्या डिजिटल उपकरणांबद्दल तर पायऱ्याच घालून दिल्यात. संहितेच्या कलम ९४ खाली मागणी केली तर उपकरण ठाण्यात नाही, न्यायालयात जमा करायचं. ज्याची माहिती हवी त्या पक्षकाराला नोटीस. हरकत फेटाळली तरच उपकरण उघडायचं, तेही पक्षकार आणि वकील समोर असताना, आणि त्यांना आपल्या पसंतीचा तंत्रज्ञ बरोबर ठेवता येतो. इतर अशिलांची माहिती उघडी पडू द्यायची नाही. मागितलं तेवढंच दाखवायचं.

अडचण ध्यानात आली असेल. ही पद्धत वकिलाच्या उपकरणासाठी आहे. मेव्हण्यांचा लॅपटॉप अशिलाचा, आणि तोही मागून घेतलेला नाही, झडतीत जप्त केलेला. निकाल त्याला जसाच्या तसा लागू होत नाही, सरकारी वकील पहिल्या मिनिटाला हेच म्हणतील. माझं मत असं की हक्क अशिलाचा असेल तर तोच ईमेल वकिलाच्या मशीनवर असताना सुरक्षित आणि अशिलाच्या मशीनवर असताना उघडा, याला काही तर्क नाही. अर्जात हाच युक्तिवाद करावा लागेल.

मुळशीचा_पाऊस

वकिलांची उपकरणं नेल्याची प्रकरणं याआधीही झाली ना? दिल्लीत मेहमूद प्राचा यांच्या ऑफिसवर छापा पडला होता. आणि नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग.

काळा_डगला

हो. प्राचा यांच्याकडे २४ डिसेंबर २०२० ला दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने झडती घेतली आणि ९ मार्च २०२१ ला पथक पुन्हा गेलं. पोलिसांना एका प्रकरणातले कागद आणि ईमेलचा तपशील हवा होता, पण मागणी हार्ड डिस्कची. त्यांचं म्हणणं, हवी ती माहिती न्यायालयासमोर देतो, पण डिस्कवर माझ्या बाकी अशिलांचं सगळं आहे, ती कशी देऊ? जुन्या कलम १२६ वर घेतलेली ही हरकत दंडाधिकाऱ्यांनी त्याच महिन्यात फेटाळली होती. गडलिंग यांच्या घराची झडती एल्गार परिषद प्रकरणात पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये घेतली, संगणक नेला. त्या खटल्याच्या गुणदोषांवर इथे बोलायला नको, धागा भरकटेल. पण फौजदारी वकिलाची डिस्क म्हणजे शेकडो लोकांची गुपितं, आणि ती उचलताना काय पथ्य पाळायचं हे तेव्हा कुठेही लिहिलेलं नव्हतं.

थेम्सकाठी

इकडे इंग्लंडमध्ये एका सॉलिसिटर फर्ममध्ये कागदपत्र छाननीचं काम करते, म्हणून थोडं लिहिते.

इथल्या १९८४ च्या पोलीस कायद्यात कलम १० मध्ये संरक्षित मजकुराची व्याख्याच आहे. दंडाधिकारी त्या मजकुरासाठी झडतीचं वॉरंट देऊच शकत नाहीत, आणि पोलिसाला तसं वाटायला सबळ कारण असेल तर जप्तही करता येत नाही. मग ढिगाचं काय, जागेवर वेगळा करता येत नाही तो? त्यासाठी २००१ चा कायदा. गठ्ठा उचलून दुसरीकडे छाननी करता येते, पण तसं करतोय याची लेखी नोटीस द्यावी लागते. छाननीत संरक्षित सापडलं की परत करायचं. मालक न्यायाधीशाकडे अर्ज करू शकतो, आणि अर्ज केला की निकाल लागेपर्यंत माल सुरक्षित ठेवणं बंधनकारक.

प्रत्यक्षात शंका असलेले कागद अपारदर्शक पिशवीत सील होतात आणि तपासाशी संबंध नसलेला स्वतंत्र बॅरिस्टर ते बघतो. डिजिटल मालाला आधी शोधशब्दांची चाळणी लावून असा मजकूर वेगळा काढतात. हे चाळणीचं काम तपास संस्थेच्याच तंत्रज्ञांनी करावं का, यावर २०१६ मध्ये गंभीर आर्थिक गुन्हे कार्यालयाविरुद्ध मॅकेन्झी नावाचं प्रकरण झालं. हायकोर्टाने चालेल म्हटलं, वाचणारा मात्र स्वतंत्र हवा.

कॅनडाचा २००२ चा लॅव्हली निकालही मिळाला तर वाचा. वकिलाच्या ऑफिसच्या झडतीचा तिथला कायदा असा होता की वकिलाने वेळेत हरकत घेतली नाही तर संरक्षण गेलं, अशिलाला पत्ताही नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं.

तिरशिंगराव

ते झालं तिकडचं. इकडे स्वतंत्र बॅरिस्टर कोण देणार आणि त्याची फी कोण भरणार?

थेम्सकाठी

प्रश्न रास्त आहे. इथेही कटकट कमी नाही, छाननीत महिनोन्महिने जातात.

डिजिटल_दामू

फोरेन्सिकमध्ये काम करतो (खासगी लॅब). कायद्याचं तुम्ही बोला, मी मशीनचं सांगतो.

१. लॅपटॉपची आधी इमेज काढतात, म्हणजे डिस्कची बिट-न्-बिट नक्कल, आणि तिची हॅश व्हॅल्यू (त्या नकलेचा डिजिटल ठसा). साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र जोडायचं, त्यात हॅश द्यावीच लागते. मेव्हण्यांना जप्तीच्या वेळी हॅश दिली का? बहुतेक नाही, मशीन बंद करून नेलं असेल. निदान इमेज काढताना हजर राहू द्या, अशी मागणी करा.

२. 'वकिलाचे ईमेल वगळा' हे बोलायला सोपं आहे. मशीनला काय वगळायचं ते सांगावं लागतं: वकिलाचा ईमेल पत्ता, त्यांच्या ज्युनियरचा, कारकुनाचा, ऑफिसचा, आणि मोबाइल नंबर. नंबर जास्त महत्त्वाचा, कारण व्हॉट्सॲपला नंबरच कळतो.

३. आपली माणसं टाइप कशी करतात ते बघा. वकील, vakil, wakil, vkil, 'saheb', 'वकिलसाहेब' ऱ्हस्व, दीर्घ, आणि अर्धं मिंग्लिश. इंग्रजीत 'लॉयर' असा एकच शोधशब्द दिला तर आपल्याकडचा निम्मा संवाद चाळणीतून खाली पडतो. मी याद्या बनवतो तेव्हा त्या माणसाचे जुने मेसेज बघून तो काय लिहितो तेच घेतो.

४. व्हॉइस नोट आणि मोबाइलने काढलेले फोटो. त्या पिवळ्या फाइलीतल्या टिपांचे फोटो मेव्हण्यांनी कुणाला पाठवलेत का? फोटोतलं हस्ताक्षर शोधशब्दाने सापडत नाही. ते हाताने यादी करून सांगावं लागतं.

५. डिलीट करायच्या फंदात अजिबात पडू नका. क्लाउडवरूनही नाही. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागेल आणि संरक्षणाचा मुद्दा राहील बाजूला.

काळा_डगला

दामू, पाचवा मुद्दा ठळक अक्षरांत हवा होता.

कोकणी_मेवा

अवांतर: मी सीए आहे. आमच्याशी झालेला पत्रव्यवहार यात येतो का? करसल्ला आम्हीच देतो की.

काळा_डगला

नाही. कलम १३२ मध्ये शब्द ॲडव्होकेट असा आहे. तुमच्यावर व्यवसायाच्या नियमांनी गोपनीयतेचं बंधन आहे, पण तपासयंत्रणेसमोर ते टिकत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये प्रुडेन्शियलच्या प्रकरणात लेखापालाच्या करसल्ल्याला हे संरक्षण द्यायला नकार दिला. मेव्हण्यांच्या सीएंनी वकिलांना काही पाठवलं असेल तर कुणी, कुणाला, कशासाठी पाठवलं हे बघावं लागेल.

कंपनीत पगारी नोकरीवर असलेल्या विधी अधिकाऱ्याचंही आता तेच झालंय. मुंबई हायकोर्टाचा विजय मेटल वर्क्सचा निकाल (१९८२) त्यांच्या बाजूने होता. ऑक्टोबरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, ते न्यायालयात वकिली करत नाहीत, त्यामुळे कलम १३२ त्यांना नाही. मालकाने नोकर-वकिलाशी केलेल्या चर्चेला १३४ ची ढालही दिली नाही. मोठ्या कंपन्यांनी याची धास्ती घेतली आहे. छोट्या वर्कशॉपला विधी अधिकारी परवडत नाही, म्हणून आपण सुटलो.

तिरशिंगराव

माझा मूळ मुद्दा कुणी घेतच नाही. कुठलाही लबाड माणूस उद्यापासून प्रत्येक मेल वकिलाला सीसी करेल. झालं, सगळं संरक्षित! बँका बुडवणाऱ्यांना आयतं कोलीत.

निवृत्त_फौजदार

यावर मी तिरशिंगरावांशी सहमत. हे घडतं, पाहिलंय.

अनुराधा_सांगली

सीसी करून काही होत नाही. खरेदी ऑर्डरचा मेल वकिलाला सीसी केला तरी तो खरेदी ऑर्डरचाच मेल. सल्ला मागितलेला असला पाहिजे. आणि कुणी तसा दावा केला तर तो फेटाळायला न्यायालय आहेच. दावा करणाऱ्याच्या शब्दावर सोडायचं नाही तसं तपास अधिकाऱ्याच्याही शब्दावर सोडायचं नाही, तिसऱ्याने ठरवायचं. एवढीच मागणी आहे.

तिरशिंगराव

तिसरा म्हणजे दंडाधिकारी, ज्यांच्या बोर्डावर रोज शंभर प्रकरणं. ते कधी वाचणार लॅपटॉप?

अनुराधा_सांगली

हे मात्र खरं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

चिंचेचं_झाड

काळा_डगला, अर्ज नेमका कुठे, आणि त्यात काय मागायचं? आमच्या वकीलसाहेबांना हा धागा दाखवला, ते म्हणाले मसुदा करतो, मुद्दे द्या.

काळा_डगला

पोलिसांनी जप्तीचा अहवाल ज्या दंडाधिकाऱ्यांकडे दिला (संहितेचं कलम १०६) त्याच न्यायालयात. तिथे दाद लागली नाही तर हायकोर्टात संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज. लॅपटॉप परत मिळण्याचा अर्ज वेगळा करा, दोन्ही एकत्र केलेत की न्यायालयाचं लक्ष मुद्देमाल परत करण्यावरच जातं.

मागण्या माफक ठेवा. पिवळी फाइल न्यायालयासमोर वेगळ्या पाकिटात सील व्हावी. लॅपटॉप आणि मोबाइलची इमेज आमच्यासमोर काढावी. जोडलेल्या यादीतला संवाद आम्हाला ऐकून निर्णय होईपर्यंत तपास पथकाने वाचू नये. बाकी सगळं खुशाल तपासावं. हे शेवटचं वाक्य जरूर घाला. तपास अडवायला आलेला माणूस आणि एक फाइल वाचवायला आलेला माणूस यांतला फरक न्यायाधीशांना लगेच दिसतो.

सोबत यादी. तारीख, कुणाकडून कुणाला, आणि स्वरूप एका शब्दात: 'सल्ला', 'मसुदा', 'सूचना'. मजकूर लिहायचा नाही, नाहीतर अर्जातूनच सगळं फुटेल. आणि प्रामाणिक यादी करा. भागीदारीचा करार, बिलं त्यात कोंबलीत तर खऱ्या दहा कागदांवरचाही विश्वास जाईल. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

घाई कशासाठी म्हणतो ते शेवटी सांगतो, कारण बऱ्याच वकिलांच्याही हे ध्यानात नसतं. आपल्याकडे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा नुसता त्या कारणाने बाद होत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा पूरणमल निकाल, १९७४. कलम १३२ वकिलाचं तोंड बंद ठेवतं, १३४ अशिलावरची सक्ती थांबवतं. पण कागद आधीच पोलिसांच्या हातात असेल तर सरकारी वकील म्हणणार, आम्ही कुणाला काय सांगायला लावतोय? कागदच बोलतोय. इंग्लंडात १८९८ च्या कॅलक्राफ्ट विरुद्ध गेस्टमध्ये हेच झालं: संरक्षित कागदाची नक्कल दुसऱ्याच्या हाती पडली, आणि ती पुराव्यात घेता येईल असं ठरलं. आपल्या न्यायालयाने तसंच म्हणावं असं नाही, विरुद्ध युक्तिवाद भरपूर आहेत. पण आपला कच्चा मुद्दा कोणता हे तपास अधिकाऱ्याने एकदा वाचलं, की पुढच्या जबाबात प्रश्न त्यावरच येणार. ते त्याच्या डोक्यातून कुठलंही न्यायालय पुसू शकत नाही.

चिंचेचं_झाड

खूप आभार सगळ्यांचे. एक शेवटचं: नोटिशीला जे उत्तर प्रत्यक्षात पाठवलं त्याची स्थळप्रतही त्याच फाइलीत आहे. यादीत घालायची?

काळा_डगला

नको. समोरच्याला पाठवलं ते गोपनीय कसलं? ती प्रत भागीदाराकडेही आहेच. पण त्याच उत्तराचा आधीचा मसुदा, ज्यावर वकिलांच्या हातच्या टिपा आहेत, तो घाला. मसुदे तीन असतील तर तीन स्वतंत्र नोंदी करा, 'मसुदे' असं मोघम लिहू नका.

निवृत्त_फौजदार

आणि अर्ज दाखल झाला की सुनावणीची वाट न बघता त्याच दिवशी त्याची प्रत तपासी अंमलदाराला ठाण्यात नेऊन द्या. आवक नोंदवहीत क्रमांक पाडून, शिक्का मारून पोच घ्या. अर्जाची खबर एकदा रेकॉर्डवर आली की कुठलाही शहाणा अंमलदार ते पाकीट स्वतः होऊन फोडत नाही. वकिलांच्या ज्युनियरला पाठवा, मेव्हण्यांनी स्वतः जाऊ नये. गेले की चहा पाजून जबाबाला बसवतील.

चिंचेचं_झाड

😄 ज्युनियरच जातोय. उद्या सकाळी.